उतरायचं एका लॉजवर, पोहायचं दुसऱ्याच्या हौदात : बाहेरच्या पाहुण्यांना स्विमिंग पूल खुला करावा का?

बीड : एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की लॉजच्या काउंटरवर पाहुण्यांचा पहिला प्रश्न एसीचा असतो. सोबत लेकरं असतील तर दुसरा प्रश्न ठरलेला, "इथं पोहायला कुठं आहे?" परळीला वैजनाथाच्या दर्शनाला आलेलं कुटुंब असो, अंबाजोगाईला योगेश्वरीला आलेलं असो, की धुळे-सोलापूर महामार्गाने जाताना गेवराई, बीड, मांजरसुंबा या पट्ट्यात मुक्कामी थांबलेलं असो, बहुतेक लॉजवाल्यांचं उत्तर एकच असतं. आमच्याकडे नाही, पण अमुक रिसॉर्टवर विचारून बघा.

तिथे गेल्यावर तीनपैकी एक गोष्ट घडते. पहिली, "फक्त आमच्या गेस्टसाठी आहे" म्हणून गेटवरूनच परत पाठवलं जातं. दुसरी, माणशी तिकीट घेऊन आत सोडलं जातं. आणि तिसरी, जी ग्रामीण भागात जास्त चालते ती म्हणजे ओळख. मालकाचा पाहुणा, मॅनेजरच्या गावचा, सरपंचाचा फोन आलेला, असे सगळे फुकट आत. यातलं कायद्याला धरून काय, पाण्याच्या हिशेबात बसणारं काय आणि पाहुण्यांच्या जिवाला सोयीचं काय, याची ही माहिती.

(आपल्याकडे नुसतं 'पूल' म्हटलं की बिंदुसरेवरचा पूल डोळ्यापुढे येतो. म्हणून इथे पोहण्याच्या पूलला हौद म्हटलं आहे.)

मालकाचा हक्क कुठपर्यंत

हॉटेलचा हौद ही खासगी मालमत्ता आहे. तो फक्त मुक्कामी पाहुण्यांसाठी ठेवायचा की तिकीट लावून सगळ्यांना खुला करायचा, हे मालकाने ठरवायचं असतं. खोलीच्या भाड्यात हौदाचा खर्च धरलेला असतो. त्यामुळे खोली घेतलेल्या पाहुण्याची तक्रार रास्त असते, की आम्ही पैसे मोजले आणि हौदात गर्दी बाहेरच्यांची. ही तक्रार जगभर आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये एकाच कंपनीची अनेक रिसॉर्ट आहेत, तरी तिथे सर्वसाधारण नियम हाच, की ज्या रिसॉर्टवर उतरलात तिथल्याच हौदात पोहायचं. सगळ्यात लोकप्रिय हौदावर तर मनगटाला पट्टी बांधून ओळख पटवतात.

पण मालकाच्या या हक्काला आपल्याकडे एक पक्की हद्द आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) नुसार दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा इथे केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणालाही अडवता येत नाही. त्याच अनुच्छेदात सरकारी पैशातून चालणाऱ्या किंवा जनतेसाठी असलेल्या विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचाही उल्लेख आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणूक झाली तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा होतो. म्हणजे "खोली घेतलेल्यांसाठीच" हा नियम चालतो, पण तो सगळ्यांना सारखा लावला तरच. ओळखीचे दहा जण फुकट पोहत असताना अकराव्याला आडनाव विचारून 'बाहेरचा' ठरवलं, तर तो नियम राहत नाही.

पाणी कुणी वापरायचं, हा प्रश्न महाराष्ट्रात कोर्टात लढला गेलेला आहे. कोकणात महाडच्या चवदार तळ्याचा तो खटला. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळाने मंजूर केला आणि महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर सगळं झालं, प्रत्यक्षात पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तळ्याचं पाणी प्राशन केलं. त्यानंतर नगरपालिकेने आधीचा ठराव मागे घेतला. तळं खासगी आहे, दलितांना वगळण्याची वहिवाट फार जुनी आहे, असं सांगत विरोधकांनी दावा लावला. तो दहा वर्षं चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी अनादि काळापासूनची वहिवाट सिद्ध होत नाही. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे तो निकाल इथे लागू नव्हता. पण आज बीडच्या महामार्गावर हौदाच्या गेटवर जो नियम लिहिला जातो, त्याच्यामागे हा इतिहास आहे, हे मालकाने ध्यानात ठेवलेलं बरं.

खरा मुद्दा पाण्याचा

बीडमध्ये हौदाचा विषय निघाला की पहिली प्रतिक्रिया हमखास येते. प्यायला टँकर आणि यांना पोहायला पाणी! ही चीड समजण्यासारखी आहे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावं लागलं. केज तालुक्यात धनेगावला असलेलं मांजरा धरण आटलं, त्यावर अवलंबून असलेल्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा जिल्ह्यात बाहेरच्या लोकांना हौद खुला करणं म्हणजे उधळपट्टी, असं वाटणं साहजिक आहे.

हिशेब मांडला की मात्र चित्र वेगळं दिसतं.

मध्यम रिसॉर्टचा हौद धरू. लांबी १० मीटर, रुंदी ५ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे साधारण ३३ बाय १६ फूट आणि ४ फूट पाणी. यात ६० घनमीटर, म्हणजे ६०,००० लिटर पाणी मावतं. १० ते १२ हजार लिटरचे पाच-सहा टँकर. टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरने पाणी देताना माणशी दिवसाला २० लिटर हा हिशेब धरतात. त्या मापाने हे ३,००० माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं.

हौद भरून झाला की पाणी तिथेच थांबत नाही. उन्हाळ्यात मराठवाड्यात उघड्या पाण्याची दिवसाला ८ ते १० मिलिमीटर वाफ होते. ५० चौरस मीटरच्या हौदातून ८ मिलिमीटर म्हणजे रोजचे ४०० लिटर उडून जातात. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंतचे १०० दिवस धरले तर ४०,००० लिटर. हौदात एक माणूस उतरो की वीस, ही वाफ तेवढीच होते. ऊन हौदाच्या पसरटपणाकडे बघतं, माणसं मोजत नाही.

माणसागणिक लागणारं पाणी वेगळं. अंगाबरोबर बाहेर जाणारं, उडणारं, फिल्टर उलटा धुताना सोडावं लागणारं. जर्मनीत यासाठी माणशी दिवसाला ३० लिटर ताजं पाणी घालण्याचं माप आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही त्याचा उल्लेख येतो. म्हणजे शेजारच्या लॉजवरून १० पाहुणे पोहायला आले तर जास्तीचे ३०० लिटर, वर आंघोळीचं पाणी.

आता उलट बाजू बघा. एका रस्त्यावर पाच लॉज आहेत आणि हौद एकाकडेच आहे. त्याने दार बंद ठेवलं, की गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून उरलेले चौघेही आज ना उद्या हौद बांधणार. चार नवे हौद भरायला २,४०,००० लिटर, चौघांची १०० दिवसांची वाफ १,६०,००० लिटर. एकूण ४ लाख लिटर. पोहणारी माणसं तेवढीच राहतात, त्यांचं माणशी ३० लिटर इथे काय आणि तिथे काय, सारखंच लागतं. जास्तीचे ४ लाख लिटर जातात ते फक्त ज्याने त्याने आपापला हौद बांधल्यामुळे. टँकरच्या २० लिटरच्या मापाने एवढं पाणी २०० लोकवस्तीच्या तांड्याला १०० दिवस पुरतं. ऊसतोडीहून मार्च-एप्रिलमध्ये गावी परतणाऱ्या कुटुंबांच्या अशा वस्त्या बीड जिल्ह्यात किती आहेत, हे तालुक्यात फिरणाऱ्याला सांगायला नको.

त्यामुळे या जिल्ह्यापुरतं तरी उत्तर 'खुला करावा' याच बाजूला झुकतं. भरलेला हौद चार लॉजनी मिळून वापरणं पाण्याच्या दृष्टीने स्वस्त पडतं, प्रत्येकाने आपला बांधणं महाग. यात नवं काहीच नाही. निजामशाहीच्या काळात बांधलेली बीडची खजाना विहीर एकट्याची नव्हती. तिचं पाणी उताराने वाहत जाऊन आसपासच्या मळ्यांना मिळत होतं.

टंचाई जाहीर झाली की

वरचा हिशेब बऱ्या पावसाच्या वर्षाचा आहे. टँकर सुरू झाल्यावर तो बदलतो.

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर १९९३ च्या भूजल कायद्यानेच बंधन आणलं. टंचाईग्रस्त क्षेत्र जाहीर झाल्यावर १ किलोमीटरच्या आतल्या खासगी विहिरींच्या उपशावर निर्बंध घालण्याचा अधिकारही त्याच कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिला. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आला, त्याचा अंमल २०१४ पासून आहे. याशिवाय विहीर अधिग्रहण आपल्याकडे दर उन्हाळ्यात ऐकू येतं. गावाला पाणी कमी पडलं की प्रशासन खासगी विहीर किंवा बोअर ताब्यात घेऊन त्याचं पाणी गावाला देतं. लॉजचा बोअर याला अपवाद नाही.

करमणुकीच्या पाण्यावर कोर्टाने हात टाकल्याचं उदाहरणही जुनं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मैदानांवरच्या पाण्याच्या प्रश्नावरून ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगाचं पाणी निम्म्याहून कमी केलं. पोहण्याचा हौद त्या रांगेत क्रिकेटच्याही मागे उभा आहे.

म्हणून लॉजवाल्यांनी आपसात करार करतानाच एक ओळ लिहून ठेवावी. गावात किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत टँकर सुरू झाला, की हौदात नवं पाणी घालायचं नाही. बाहेरच्यांना बंद आणि मुक्कामींना चालू, असा अर्धवट नियम तेव्हा चालत नाही. मुक्कामी पाहुणाही त्याच बोअरचं पाणी वापरतो.

बुडाला तर जबाबदारी कुणाची

मालक लोक दार बंद ठेवतात त्यामागे बहुतेक वेळा पाणी नसतंच, भीती असते. "आमच्याकडे उतरला नाही, बिल नाही, नाव नाही, आणि काही झालं तर केस आमच्यावर." ही भीती खरी आहे. पण फुकट सोडलं म्हणून जबाबदारी टळते, हा समज चुकीचा आहे.

१९७२ साली दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या हौदात जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने सूर मारला. डोकं तळाला आपटलं आणि त्याला पक्षाघात झाला. हॉटेलचा एक बचाव असा होता, की खोलीचे पैसे विमान कंपनीने भरले, या माणसाशी आमचा करारच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तो मानला नाही आणि ५० लाख रुपयांची भरपाई ठरवली. मधल्या काळात त्या सहवैमानिकाचं निधन झालं होतं, त्या कारणावरून अपिलात हा निकाल पुढे टिकला नाही. तरी मालकांनी घ्यायचा धडा त्यात आहे. पैसे कुणी भरले हे बघून सुरक्षिततेची काळजी कमी-जास्त करता येत नाही. 'आपल्या जबाबदारीवर पोहावे' असा बोर्ड लावला म्हणून हात झटकता येत नाहीत.

उलट तिकीट लावून, नाव-गाव-मोबाईल लिहून घेतलेला पाहुणा ओळखीने मागच्या दाराने शिरलेल्यापेक्षा सुरक्षित असतो. आत किती जण आहेत हे निदान माहीत असतं. हौदाचा विमा उतरवताना त्यात बाहेरचे, तिकीट काढलेले लोक धरले आहेत का, हे पॉलिसीत बघून घ्यावं. अनेक ठिकाणी विमा असतो, पण तो मुक्कामी पाहुण्यांपुरताच लिहिलेला असतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडची जुनी पिढी पोहायला शिकली ती विहिरीत, पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून, काठावर काका-मामा उभे असताना. आता विहिरींना मे महिन्यात पाणी नसतं. पाणी असतं ते शेततळ्यात. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचे उतार शेवाळाने इतके निसरडे होतात, की पट्टीचा पोहणाराही धरायला काही नसेल तर वर येऊ शकत नाही. सुट्टीत आजोळी आलेली पोरं तिथेच उतरतात. तालुक्याच्या गावी धड सार्वजनिक जलतरण तलाव नसताना, ४ फूट पाण्याचा, कठडा आणि जिना असलेला, माणूस लक्ष ठेवून असलेला हॉटेलचा हौद ठरावीक वेळेत तिकीट लावून खुला झाला, तर त्याचा उपयोग पर्यटकांपेक्षा गावातल्याच लेकरांना जास्त होईल.

गर्दी आणि घाण

मुक्कामी पाहुण्यांची दुसरी तक्रार स्वच्छतेची, आणि ती खोटी नाही. माणसं वाढली की क्लोरिन भराभर संपतं. अमेरिकेतल्या रोग नियंत्रण केंद्राच्या शिफारशीनुसार हौदात मोकळं क्लोरिन दर लिटरला किमान १ मिलिग्रॅम आणि पीएच ७.० ते ७.८ असायला हवा. दोन्ही मोजायचं साधं किट मिळतं. गर्दीच्या दिवशी सकाळी एकदा मोजून भागत नाही, दर दोन-तीन तासांनी बघावं लागतं. डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो तेव्हा लोक म्हणतात क्लोरिन जास्त झालं. बऱ्याचदा उलटं असतं. घाम आणि लघवीशी मिसळून क्लोरिन संपत आल्याचा तो वास असतो.

जुलाब झालेल्या माणसाला हौदात सोडू नये, हा नियम सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू नीट क्लोरिन असलेल्या पाण्यातही सात दिवसांहून जास्त तग धरतो. प्रवासात पोट बिघडलेलं लेकरू "जरा गार वाटेल" म्हणून पाण्यात सोडलं जातं, आणि मग चार लॉजवरची लेकरं आजारी पडतात.

गर्दीलाही माप आहे. ब्रिटनमध्ये १ ते दीड मीटर खोलीच्या हौदात दर माणशी २.७ चौरस मीटर जागा धरतात. आपल्या ५० चौरस मीटरच्या हौदात त्या हिशेबाने एका वेळी १८ जण. त्यापेक्षा जास्त तिकिटं फाडली तर तो धंदा आहे, सोय नाही.

करार करायचा तर

शेजारच्या लॉजशी तोंडी बोलणं पुरत नाही, एक पान लिहून घ्यावं. लॉजवाल्याने आपल्या पाहुण्याला शिक्का मारलेला पास द्यायचा, त्यावर वेळ लिहायची. दुपारची १२ ते ४ ही वेळ बाहेरच्यांना देऊ नये. तेव्हाच मुक्कामी पाहुणे खोलीत अडकलेले असतात आणि त्यांनाही हौद हवा असतो. सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ७ या वेळा बाहेरच्यांना सोयीच्या पडतात. बायकांसाठी वेगळा तास ठेवला तर लॉजवर आलेली निम्मी माणसं, जी एरवी काठावर पिशव्या सांभाळत बसतात, तीही पाण्यात उतरतील. आधी साबण लावून आंघोळ सक्तीची. ती टाळली की वाचलेल्या पाण्याच्या कितीतरी पट क्लोरिनमध्ये आणि फिल्टर धुण्यात जातं. खोली किती फूट आहे ते मराठीत, हौदाच्या काठावर, मोठ्या अक्षरात लिहावं. ४ फुटांच्या हौदात सूर मारायला बंदी. आणि लक्ष ठेवणारा माणूस पोहता येणारा असावा. वेटरला शिट्टी देऊन उभं केलं म्हणजे जीवरक्षक झाला असं नाही.

कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्यांनी, २०२० च्या राज्य कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली असेल तरी, हौद दिवसभराच्या तिकिटावर खुला करण्याआधी ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात लेखी विचारून घ्यावं.

पावसाळा लागल्यावर किंवा टँकर सुरू झाल्यावर हौद रिकामा करायची वेळ आली, तर ते पाणी नाल्यात सोडू नये. क्लोरिन घालणं थांबवून काही दिवस उन्हात तसंच राहू दिलं की त्यातलं क्लोरिन उडून जातं. किटने शून्य दिसलं की ते झाडांना आणि बांधकामाला चालतं. जनावरांना मात्र ते पाजू नये.